विंचवर बोटं गेलेल्या खलाशाला भरपाई कशी मिळते? दवाखान्याचं बिल भरलं की मालक मोकळा होतो का?

खाडीकाठ
गावातल्या एका खलाशासाठी विचारतोय. वय 35. ट्रॉलरवर जाळं ओढताना विंचच्या (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) ड्रमवर चढणाऱ्या दोराखाली हातमोजा अडकला आणि उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. अपघात ऑक्टोबर 2025 अखेरचा. 1 ऑगस्टला बोटी सुटल्या तेव्हापासून तो त्याच बोटीवर होता. लेखी काहीच नाही. थोडी उचल, बाकी वाटा, जेवण बोटीवर. मालकाने ऑपरेशनचं सगळं बिल भरलं. आता वाडीतल्या चार जणांना बसवून 40 हजार घे आणि स्टॅम्प पेपरवर सही कर, असं चाललंय. माझे प्रश्न तीन: कायद्याने त्याला किती मिळायला हवं? सही केली तर हक्क जातो का? आणि अर्ज कुठे करायचा?

कोर्टाची पायरी
आधी त्याला सही करू नका म्हणावं. बाकीचं सावकाश बोलू.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 (21 नोव्हेंबर 2025 आधीच्या अपघातांना हाच) च्या कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल तर कराराचं ज्ञापन (लेखी नोंद) कलम 28 खाली भरपाई आयुक्तांकडे नोंदवावं लागतं. रक्कम अपुरी आहे किंवा सही फसवून, दबावाने घेतली आहे असं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारतात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. तरीही सही टाळायचीच, कारण पुढे तोच कागद दाखवून "हा अपघात बोटीवर झालाच नाही, माणुसकीने मदत केली" असं मांडलं जातं. कागदातल्या मजकुरात हमखास तशी एक ओळ घातलेली असते.

आकडेमोड
खाडीकाठ, हिशेब असा आहे.

पूर्ण कायम अपंगत्व धरलं तर मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. गुणक चौथ्या अनुसूचीत आहे: 25 ला 216.91, 30 ला 207.98, 35 ला 197.06, 40 ला 184.17, 50 ला 153.09. वेतन कितीही असलं तरी हिशेबाला कमाल 15,000 धरतात (3 जानेवारी 2020 पासून, त्याआधी 8,000 होतं).

15,000 चे 60 टक्के 9,000. गुणिले 197.06 म्हणजे 17,73,540.

एका हाताची दोन बोटं गेली तर पहिल्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात कमाईक्षमतेची हानी 20 टक्के दिली आहे. म्हणून 17,73,540 चे 20 टक्के = 3,54,708 रुपये.

चाळीस हजार कुठे आणि साडेतीन लाख कुठे!

नाखवा
मी मालकांच्या बाजूने बोलणार. वर्षात 1 जून ते 31 जुलै बंदी, त्यात वादळाचे इशारे आले की बोटी बंदरात. डिझेल, बर्फ, शिधा सगळा आधी घालायचा. मालकाने लाखभर दवाखान्यात भरले, ते साडेतीन लाखांतून वजा व्हायला नकोत का? आणि हातमोजा घालून विंचजवळ जाऊ नको असं सांगितलेलं असताना तो गेला, तर चूक कोणाची?

कोर्टाची पायरी
नाखवा, दोन्ही मुद्दे रास्त वाटतात, पण कायदा दोन्ही ठिकाणी कामगाराच्या बाजूने आहे.

उपचाराचा खर्च वेगळा. कलम 4(2अ) नुसार प्रत्यक्ष झालेला वैद्यकीय खर्च मालकाने द्यायचाच आहे, आणि तो भरपाईच्या वर. उपचारासाठी दिलेले पैसे म्हणजे भरपाई दिली असं धरलं जात नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

चुकीबद्दल म्हणाल तर इथे निष्काळजीपणा बघतच नाहीत. मालकाला बचाव तीनच: कामगार दारू किंवा नशेत होता, सुरक्षेसाठी स्पष्टपणे घालून दिलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं. शिवाय अपघात थेट त्यामुळेच झाला हे मालकाने सिद्ध करायचं. मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्व आलं असेल तर हे तीनही बचाव चालत नाहीत. "सांगितलं होतं" एवढ्यावर भागत नाही. लाटांवर हलणाऱ्या बोटीत दोर ओढताना हात पुढे जाणं हा त्या कामाचाच धोका आहे.

जांभा
चिरेखाणीवर याच बचावाचा गैरवापर होतो. कटरच्या पात्यावरचं गार्ड काढून ठेवलं की चिरे जास्त निघतात, म्हणून गार्ड मुकादमच काढायला लावतो. अपघात झाला की "कामगाराने काढलं". अपघात झाल्या दिवशी मशीनचे फोटो काढून ठेवा. गार्ड बसवायच्या बोल्टच्या जागी गंज आणि धूळ बसलेली असेल तर ते कित्येक दिवस काढलेलं होतं हे फोटोतच दिसतं.

ताडगोळा
माका एक विचारूचा हा. खलाशी नेपाळचो असलो तर दावो खंय करूचो? नेपाळात?

कोर्टाची पायरी
नाही. कलम 21 मध्ये तीन पर्याय आहेत: अपघात जिथे झाला तो भाग, अर्जदार सामान्यतः राहतो तो भाग, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तो भाग. कर्नाटकातून चिरेखाणीवर आलेल्या मजुराच्या घरच्यांना गावाकडेही दावा लावता येतो, दर तारखेला कोकणात यायला नको. नेपाळी खलाशासाठी इथलाच जिल्हा. मृत्यूचा दावा असेल तर तिकडच्या वडा (प्रभाग) कार्यालयाचं नाते प्रमाणपत्र आणि नागरिकता प्रमाणपत्राची प्रत मागवून घ्या. नात्याच्या कागदाअभावी रक्कम जमा होऊनही वाटप अडकून राहतं.

आकडेमोड
वेतनाबद्दल लिहायचं राहिलं. बोटीवरचे बरेच दावे इथेच पडतात किंवा अर्धे होतात.

कलम 5 मध्ये तीन रीती आहेत. सलग 12 महिने काम असेल तर वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग. महिन्यापेक्षा कमी काम असेल तर तशाच कामावरच्या दुसऱ्या माणसाचं वेतन. आणि मधल्या सगळ्यांसाठी: शेवटच्या सलग काळातलं एकूण वेतन गुणिले 30 भागिले त्या काळातले दिवस. 14 दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की सलगता तुटते. त्यामुळे बंदीच्या दोन महिन्यांनंतर 1 ऑगस्टपासून मोजणी नव्याने सुरू होते आणि हंगामी खलाशाला तिसरी रीत लागते.

समजा 1 ऑगस्ट ते 29 ऑक्टोबर या 90 दिवसांत उचल, वाटा आणि जेवण मिळून 54,000 झाले. 54,000 × 30 ÷ 90 = 18,000. कमाल मर्यादेमुळे 15,000 धरणार. जेवण का धरलं? पैशात मोजता येणारी सवलत वेतनातच येते. प्रवासभत्ता आणि भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा धरत नाहीत. अर्जात नुसतं "पगार रु. 9,000" लिहून मोकळे होतात आणि वाटा, शिधा विसरतात. 9,000 वर हाच हिशेब 2,12,825 रुपयांवर येतो. म्हणजे 1,41,883 रुपये एका ओळीत गेले.

नाखवा
वाट्याचं निघालंच आहे तर सांगतो. वाट्यावरचा माणूस भागीदार असतो, नोकर नव्हे. मासळी मिळाली नाही तर त्यालाही काही मिळत नाही. मग मालक-कामगार नातं आलं कुठून?

कोळंबी
नाखवा, मासळी मिळाली नाही तर डिझेलचा तोटा खलाशी भरतो का? जाळं फाटलं तर? नौकेच्या नोंदणीत, परवान्यात त्याचं नाव आहे का? कधी सुटायचं, कुठे जाळं टाकायचं, कोणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचं हे कोण ठरवतं? भागीदार असेल तर तोट्यातही भागीदार हवा. वाटा ही मजुरी द्यायची रीत झाली.

कोर्टाची पायरी
कोळंबीताईंशी सहमत, पण हा वाद खरोखर लढला जातो, त्यामुळे हलक्यात घेऊ नका. घरचेच चार भाऊ मिळून पात (छोटी होडी) घेऊन जातात आणि विक्री सारखी वाटून घेतात, तिथे मालक कोण हेच दाखवता येणार नाही. ट्रॉलर किंवा पर्ससीन बोटीवर मात्र मालक, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख), खलाशी अशी उतरंड स्पष्ट असते. यंत्रावर चालणाऱ्या जहाजावरचा खलाशी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत येतो. "तो कायम नव्हता, हंगामी होता" हा बचावही 2000 च्या दुरुस्तीनंतर उरलेला नाही.

पुरावा म्हणून हे गोळा करा: बंदरातून बाहेर पडतानाची खलाशांची नोंद, उचलीची वही किंवा मोबाइलवर आलेले पैसे, तांडेलाचे त्या दिवसांतले व्हॉट्सॲप संदेश, आणि सोबतच्या किमान एका खलाशाचं म्हणणं. बंदी लागली की सोबतचे आपापल्या गावी जातात, मग साक्षीदार सापडत नाही. पूर्ण पत्ता आणि घरचा नंबर आत्ताच लिहून घ्या.

केसपेपर
दवाखान्याच्या बाजूने लिहितो. सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या अर्ध्या तासात होतं. केसपेपरवर सुरुवातीलाच "हिस्ट्री" म्हणून एक-दोन ओळी असतात: काय झालं, कुठे, किती वाजता, कोणी सांगितलं. सोबत आलेला मालकाचा माणूस पोलिसांचं लचांड नको म्हणून "घरी दारात बोटं सापडली" असं सांगतो, डॉक्टर तेच लिहितात, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत तीच ओळ समोर येते. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याने स्वतः सांगावं: अमुक नौकेवर, समुद्रात, विंचवर. कामावरच्या अपघाताची एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद करायला सांगा. खाजगी दवाखान्यातसुद्धा.

चुकीची हिस्ट्री लिहिली गेलीच असेल तर मूळ कागदावर खाडाखोड कोणाकडूनही करून घेऊ नका. लगेच दवाखान्याला तारखेसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पोलिसांकडेही जबाब द्या. पहिल्या आठवड्यातला खुलासा आणि दोन वर्षांनंतरचा खुलासा यांचं वजन सारखं नसतं.

दुसरं. जिल्हा रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला आणि कमाईक्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल्यावर 12 टक्के असेल म्हणून भरपाई 12 टक्क्यांवर होत नाही. जखम अनुसूचीत असेल तर तिथला टक्का. अनुसूचीत नसेल, उदाहरणार्थ मणक्याला मार लागला किंवा खांदा वर जात नाही, तर नोंदणीकृत डॉक्टरांनी त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते ठरवायचं. दाखला मागताना तो कोणतं काम करत होता हे डॉक्टरांना सांगा आणि ते दाखल्यात लिहायला सांगा.

खाडीकाठ
हे उपयोगाचं आहे. पण उजव्या हाताची दोन बोटं गेल्यावर दोर आवळणं, जाळं ओढणं जमणारच नाही त्याला. मग 20 टक्केच का?

कोर्टाची पायरी
मागणी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने प्रतापनारायण सिंग देव प्रकरणात 1976 मध्ये कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या सुताराचं अपंगत्व पूर्ण धरलं. एका हाताने सुतारकाम होत नाही, हा आधार. त्याच निकालात भरपाई अपघाताच्या तारखेपासूनच देय होते, असंही म्हटलंय. पण दोन बोटांना तो निकाल जसाच्या तसा लागेल असं मी म्हणणार नाही. पकड किती उरली याची डॉक्टरांची साक्ष असेल तर अर्जात जास्त टक्का मागा आणि पर्यायी मागणी 20 टक्क्यांची ठेवा.

लोटे परशुराम
थोडं विषयांतर, पण एमआयडीसीतल्यांसाठी महत्त्वाचं. पगारपत्रकात ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) 0.75 टक्के कपात दिसत असेल तर हा रस्ता बंद. विमाधारक कामगाराला ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळे 1923 च्या कायद्याखाली दावा करता येत नाही, लाभ ईएसआयकडूनच घ्यायचे. पण ते लाभ कमी नाहीत. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजच्या वेतनाच्या 90 टक्के, आणि कायम अपंगत्वात टक्क्यानुसार तहहयात. वेतनमर्यादा महिना 21,000. कंत्राटदार कापतो पण भरत नाही असंही होतं, म्हणून विमा क्रमांकावर हप्ते चढलेत का ते अपघाताआधीच बघत जा.

ईएसआय नसेल आणि कंत्राटदार गायब झाला तर कलम 12 लक्षात ठेवा. ज्याच्या धंद्याचंच काम कंत्राटावर दिलं होतं आणि ज्याच्या ताब्यातल्या जागेत अपघात झाला, तो मुख्य मालक भरपाई द्यायला बांधील आहे. त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा, आणि विमा कंपनीलाही.

हापूसवाला
आंबा उतरवताना झाडावरून पडलेल्या गड्याचं काय? गोपीनाथ मुंडे योजनेचे 2 लाख मिळतात ना?

कोळंबी
ती योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला आहे, वय 10 ते 75. मजुरी करणारा गडी त्यात येत नाही. बागायतदाराला मिळते म्हणून गड्यालाही मिळेल असं लोक धरून चालतात आणि वेळ घालवतात.

कोर्टाची पायरी
बागेतला गडी 1923 च्या कायद्यात येतो का, हे त्याच्या कामावर ठरतं. यंत्राच्या साहाय्याने होणारी शेती अनुसूचीत आहे, म्हणून पॉवर स्प्रे, ब्रश कटर, ट्रॅक्टर यांवर काम असेल तर बाजू भक्कम होते. नुसता घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन चढणाऱ्यासाठी वाद होणार हे गृहीत धरा. बागायतदारांनो, आंब्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गड्यांचा विमा उतरवा. पेटीमागे पडणारा खर्च किरकोळ आहे.

आकडेमोड
योजनांचं निघालंय म्हणून: मच्छीमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेखाली गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्वाला 5 लाख, अंशतः कायम अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर 25,000 पर्यंत. वय 18 ते 70, हप्ता सरकार भरतं. पण त्यासाठी आधी नोंद हवी. ती आहे का ते मच्छीमार संस्थेत किंवा मत्स्यव्यवसाय खात्यात विचारा. असेल तर तेही मागा. त्यामुळे मालकाची जबाबदारी संपत नाही.

बांधकाम कामगार मंडळाचंही तसंच. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर 5 लाख, त्याशिवाय भरपाईचा दावा वेगळा.

सांजवारा
खलाशी समुद्रात पडला आणि देह सापडलाच नाही तर? सात वर्षं थांबायचं?

कोर्टाची पायरी
सात वर्षांचं गृहीतक पुराव्याच्या कायद्यातलं आहे, पण परिस्थितीवरून मृत्यू आधीही सिद्ध होऊ शकतो. तांडेलाने बंदरावर आल्या आल्या पोलिसांत खबर द्यायला हवी: किती वाजता, किती वाव पाण्यात, हवामान कसं होतं, शेवटचं कोणी पाहिलं, किती वेळ शोधलं.

यातली कठीण बाजूही सांगतो. 1969 च्या मॅकिनन मॅकेन्झी प्रकरणात जहाजावरून नाहीसा झालेल्या खलाशाच्या वडिलांचा दावा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. काम चालू असताना मृत्यू झाला एवढं पुरत नाही, तो कामाशी निगडित अपघाताने झाला हे निदान परिस्थितीवरून दिसायला हवं. म्हणून "रात्रीपासून दिसला नाही" एवढीच खबर देऊ नका. जाळं ओढत होता, लाट आली, कठड्याला आधार नव्हता, हे जे घडलं ते पूर्ण लिहा.

मृत्यूच्या दाव्यात रक्कम वेतनाच्या 50 टक्के गुणिले गुणक. 40 वर्षांच्या माणसाला 15,000 वर 13,81,275. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. घरी जाऊन विधवेच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरत नाहीत. मालक फार तर तीन महिन्यांच्या वेतनाएवढी उचल देऊ शकतो.

नाखवा
हे मालकांनाही कोणी नीट सांगत नाही. भीतीने पैसे वाटले जातात आणि ते हिशेबातही धरले जात नाहीत. कामगार भरपाईची पॉलिसी घेतली तर विमा कंपनी सगळं भरते का?

आकडेमोड
भरपाई आणि व्याजाबद्दल पॉलिसीच्या अटी बघाव्या लागतात. दंड मालकाच्या खिशातूनच. वेद प्रकाश गर्ग प्रकरणात 1997 मध्ये तसं ठरलंय: वाहन विम्यात भरपाई आणि व्याज विमा कंपनीवर, दंड मालकावर. महिन्याच्या आत रक्कम भरली नाही तर सरळ 12 टक्के व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. 3,54,708 वर वर्षाचं व्याजच 42,565 होतं. वाद असेल तर जेवढी मान्य आहे तेवढी तरी रक्कम लगेच भरा.

पॉलिसी घेताना दोन गोष्टी चुकतात. आठ खलाशी असताना हप्ता वाचवायला पाच दाखवतात. आणि उपचार खर्चाची जोड घेतच नाहीत. बोटीवर जातात तेवढे सगळे दाखवा.

वळणरस्ता
बंदरावर पहाटे कामाला जाताना रस्त्यात अपघात झाला तर?

कोर्टाची पायरी
जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात सांगितलं की घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, वेळ, जागा आणि कामाशी संबंध दिसत असेल तर, या कायद्यात बसतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे थेट लिहिलंय. पण समोरच्या वाहनाच्या चुकीने धडक बसली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा पर्यायही बघा. तिथे 15,000 ची मर्यादा नाही, मात्र चूक सिद्ध करावी लागते. दोन्हीकडे एकाच वेळी मागता येत नाही, एक निवडायचं.

खाडीकाठ
मग आमच्या खलाशाला नवी संहिता की जुना कायदा? आणि आता नेमकं काय करायचं?

कोर्टाची पायरी
अपघात 21 नोव्हेंबरच्या आधीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्याचा. (संहितेतही 50 आणि 60 टक्के, वयाचा गुणक, 12 टक्के व्याज ही चौकट तशीच आहे, फक्त आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी.)

या आठवड्यात मालकाला नोटीस पाठवा. त्यात नाव, पत्ता, अपघाताची तारीख, जागा, नौकेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, जखम, वेतनाचा तपशील आणि मागणी लिहा. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, पावती जपा. मालकाला अपघात माहीत होता, त्यामुळे नोटिशीअभावी दावा बुडत नाही, पण तारखेचा पुरावा तयार होतो. महिना वाट बघा. मग अर्ज: जखमी कामगाराचा नमुना एफ, मृत्यूच्या प्रकरणात वारसांचा नमुना जी. मुदत अपघातापासून दोन वर्षं. उशीर माफ होऊ शकतो, त्यावर विसंबू नका. जिल्ह्यात आयुक्तांचं हे काम कोणत्या न्यायालयाकडे आहे आणि संहितेनंतर नवे अर्ज कोण घेतंय, ते सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात विचारून मगच दाखल करा. अर्ज चुकीच्या दारात पडून राहिला की महिने जातात.

वयाला शाळेचा दाखला जोडा. आधारवर नुसतं 1 जानेवारी आणि वर्ष असेल तर गुणकावरून वाद होतो.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. 1987 च्या कायद्याप्रमाणे कामगारांना मोफत वकील मिळतो. बोलावून घेऊन टक्केवारी ठरवणाऱ्यांना कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

केसपेपर
आणि जखम भरेपर्यंतचं विसरू नका. काम बंद राहिलेल्या काळाला वेतनाच्या 25 टक्के दर पंधरवड्याला मिळतात, 15,000 वर 3,750. 28 दिवस किंवा जास्त बंद असेल तर पहिल्या दिवसापासून. टाके काढल्यावर, ड्रेसिंगच्या प्रत्येक भेटीला तारीख आणि "कामासाठी अयोग्य" असा शेरा केसपेपरवर मागून घ्या. नंतर एकदम तीन महिन्यांचा दाखला कोणी देत नाही.

खाडीकाठ
उद्या नोटीस टाकतो. हिस्ट्रीची ओळ बघितली, "बोटीवर काम करताना" असंच आहे. नौकेचा नोंदणी क्रमांक मिळाला. सोबतच्या दोन खलाशांचे गावचे पत्ते आज संध्याकाळी लिहून घेतो, एक जण मेच्या आधीच जाणार म्हणतोय.

नाखवा
मालकाशी मी बोलतो, बंदरावरची ओळख आहे. आयुक्तांपुढे नोंदवून मिटवायला तयार झाला तर दोघांचाही वेळ वाचेल, पण रक्कम हिशेबाचीच. नोटीस मात्र थांबवू नका, ती जाऊ दे.